मूळव्याध म्हणण्याआधी तपासले का?

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका संध्याकाळी आजारी भिक्खूचा प्रसंग आला. पोटाच्या विकाराने बेजार झालेला तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. तथागत आनंदाला पाणी आणायला सांगतात. स्वतः पाणी ओततात, आनंद त्याचे अंग धुतो, मग दोघे मिळून त्याला उचलून निजवतात. वाचणारी मुलगी बारावीतली. त्या वाक्यांशी ती अडखळली. मागे बसलेल्या पोरांनी तोंडावर हात धरून हसू दाबले. एक आजी म्हणाल्या, “वाच गं, त्यात काय लाजायचं?” पण त्यांनीही पदर नाकाला लावलाच होता.

वाचनानंतरची पंधरा मिनिटे आमच्या आरोग्य गटाची असतात. त्या दिवशी डेंग्यूवर बोलायचे ठरले होते. ते बाजूला ठेवून आम्ही विचारले, “आज सकाळी संडासला गेलात तेव्हा रंग कसा होता, कोणी पाहिला?” सगळे गप्प. मग एक भाऊ म्हणाले, “सिस्टर, आमच्या पब्लिक संडासात बल्बच नाही. बघणार काय?”

आम्ही हसलो. पण त्या दिवशी तिसऱ्या रांगेत कोण नव्हते, ते आम्हाला दिसत होते. दरवर्षी वर्षावासाची एकही संध्याकाळ न चुकवणारे आमचे एक दादा त्या वर्षी आले नव्हते. त्यांच्याबद्दल इथे लिहितो आहोत ते त्यांच्या आणि वहिनींच्या परवानगीने, नाव न घेता.

दादा कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार. पहाटे साडेपाचला घर सोडायचे. त्यांना शौचाच्या वेळी रक्त जाऊ लागले तेव्हा त्यांनी सहा महिने कोणाला सांगितले नाही. नंतर वहिनींना सांगितले, वहिनींनी आम्हाला. आणि आम्ही काय केले? वॉर्डात वर्षानुवर्षे काढलेल्या आम्ही नळावर उभ्या उभ्या म्हणालो, “मूळव्याध असेल. तिखट कमी करा म्हणावं, इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या.” झाले. हा लेख लिहिण्याचे पहिले कारण ते वाक्य आहे.

पुढे दादा ‘मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय इलाज’ अशी पाटी लावलेल्या एका दवाखान्यात गेले. चूर्ण, मलम, दर आठवड्याला इंजेक्शन. थोडे दिवस रक्त थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. असे चौदा महिने गेले. या काळात त्यांना एकूण तीन ठिकाणी दाखवले. तिन्ही ठिकाणी प्रश्न तेच, गोळ्या थोड्याफार वेगळ्या. पण एकाही ठिकाणी त्यांना टेबलावर झोपवून, हातमोजा घालून कोणी तपासले नाही. शेवटी गाडीवर चढताना चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ७. मोठ्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईने त्यांना कुशीवर वळवले आणि गुदद्वारातून बोटाने तपासले. अर्धा मिनिट लागला असेल. आत चार बोटांवर कडक गाठ होती. तेव्हा दादांचे वय होते ४६.

वॉर्डात या तपासणीला ‘पीआर’ म्हणतात. एक हातमोजा, थोडी जेली आणि तपासणाऱ्याची तयारी, एवढाच खर्च. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातला बराच मोठा वाटा आपल्या देशात गुदाशयाचा, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा असतो. त्यातल्या खालच्या गाठी बोटाला लागतात. आणि आपल्याकडे हा आजार पन्नाशीच्या आतल्या माणसांतही बऱ्याच वेळा दिसतो. म्हणून आमचे म्हणणे असे आहे, आणि ते आम्ही जरा जोरात मांडणार आहोत: हात न लावता कोणालाही मूळव्याधीचे औषध देऊ नये, आणि आपणही ते घेऊ नये.

‘हात न लावता’ हे शब्द आपल्या समाजाला वेगळे ऐकू येतात. येऊ द्या. प्रत्येक डॉक्टर जात पाहून लांब बसतो असे आम्ही म्हणत नाही. गर्दी असते, जागा नसते, पडदा नसतो, सोबत बाई नसते. पण टेबलापलीकडून पाहून चिठ्ठी लिहिणे कोणाच्या वाट्याला जास्त येते, हे रांगेत उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आणि दुसरी बाजूही खरी आहे. डॉक्टरने ‘कपडे खाली करा’ म्हटले तर आपलाच माणूस उठून निघून येतो. गावाची, शहराची घाण ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या उचलून घेतली, त्यांतले कितीतरी हात आजही सफाई खात्यात राबतात. जगाची घाण उचलताना जी लाज आपल्यावर लादली गेली, ती आपण स्वतःच्या शरीराबद्दल बोलताना का पाळतो?

आता आजाराकडे येऊ. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी चामखिळीसारखी छोटी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप काहीच त्रास देत नाहीत. काहींचे हळूहळू कर्करोगात रूपांतर होते, आणि त्याला साधारण १० वर्षे लागतात. दहा वर्षे! एवढा वेळ देणारे कर्करोग थोडे. या काळात पॉलिप सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो, म्हणजे कर्करोग होण्याआधीच थांबतो. कर्करोग झाला पण आतड्याच्या भिंतीतच आहे अशा टप्प्यावर सापडला, तर दहापैकी नऊ माणसे पाच वर्षांनंतरही जगलेली दिसतात. यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर हे चित्र पार उलटे होते.

पॉलिप आणि सुरुवातीची गाठ यांतून थोडे थोडे रक्त झिरपते, डोळ्याला न दिसणारे. ते शोधायची साधी चाचणी म्हणजे शौचाचा नमुना तपासणे. जुनी पद्धत होती तिच्यात आधी काही दिवस मांसाहार बंद ठेवावा लागे, कारण मटणातले रक्तही त्या चाचणीला कळायचे. नवी चाचणी, जिला ‘फिट’ म्हणतात, ती फक्त माणसाचे रक्त ओळखते. काही सोडावे लागत नाही. जपानमध्ये १९९२ पासून चाळिशीच्या पुढच्यांसाठी ही चाचणी दरवर्षी आहे. इंग्लंडमध्ये ठरावीक वयाच्या माणसांच्या घरी दर दोन वर्षांनी टपालाने डबी येते. माणूस घरीच नमुना घेतो आणि परत पाठवतो. अमेरिकेने तपासणीचे वय ५० वरून २०२१ मध्ये ४५ वर आणले.

आपल्याकडे? सरकारच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या सर्वांसाठी तीन कर्करोगांची तपासणी आहे: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो त्याचाच भाग. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यात नाही. याला कारण आहे आणि ते खोटे नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी आहे, आणि त्या तीन कर्करोगांचा भार मोठा आहे. सरसकट सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. तेवढ्या दुर्बिणी नाहीत, डॉक्टर नाहीत, आणि असलेल्या दुर्बिणी आधी रक्त जाणाऱ्या माणसाला मिळायला हव्यात. पण फॉर्म भरताना ‘शौचातून रक्त जाते का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का’ हे दोन प्रश्न विचारायला किती पैसे लागतात? आणि उत्तर ‘हो’ आले तर महापालिकेच्या दवाखान्यात फिटची चाचणी आणि बोटाने तपासणी, एवढे मागणे जास्त आहे का? ही मागणी आम्ही लेखी दिली आहे. तुमच्या वस्तीतूनही द्या.

अशी व्यवस्था गरिबांपर्यंत नेली तर काय होते, याचे एक उदाहरण आम्हाला फार जवळचे वाटते. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी संघटनेला ‘दलित पँथर’ नाव दिले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून, हे आपण जाणतो. ‘ब्लॅक पँथर’ याच नावाच्या सिनेमाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी गेला, तो याच कर्करोगाने. चार वर्षांपूर्वी आजार सापडला तेव्हाच तो तिसऱ्या टप्प्यात होता. एवढा पैसा, एवढे नाव असलेला माणूस. तिथल्या कृष्णवर्णीयांना हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त होतो, आणि त्याने मरण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. हा रक्ताचा दोष आहे असे म्हणणारे तिथेही निघतात. पण डेलावेअर नावाच्या एका छोट्या राज्याने वेगळे करून पाहिले. २००२ च्या सुमारास त्यांनी विमा नसलेल्यांची तपासणी मोफत केली, कर्करोग निघाला तर उपचाराचाही खर्च उचलला, आणि रुग्णालयांत नर्स नेमल्या. त्यांचे काम काय, तर माणसाला गाठायचे, समजावायचे, तारीख मिळवून द्यायची, त्या तारखेला तो येतो की नाही ते पाहायचे. २००९ पर्यंत तपासणी झालेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले. गोऱ्यांचेही ७४ वरच होते. अंतर मिटले. मृत्यूंमधले अंतरही जवळजवळ मिटले. आम्ही नर्स आहोत म्हणून हे वाचून आमचा ऊर भरून आला, हे कबूल करतो. पण त्या नर्सना पगार होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या आशाताईंना तेच काम मानधनावर, आणखी दहा कामांच्या जोडीला करायला लावून चालणार नाही.

सरकार करील तेव्हा करील. आपण घरात काय करायचे?

पहिली गोष्ट, पाहायचे. संडासात दिवा नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावा. रक्त लाल असो, काळपट असो, शौच डांबरासारखे काळे असो, नोंद घ्या. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळे होते, त्याला घाबरू नका, पण डॉक्टरांना गोळ्या चालू आहेत हे सांगा.) शौचाची सवय बदलली आणि तीन आठवड्यांनंतरही पूर्ववत झाली नाही, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटत राहणे, शौच पूर्वीपेक्षा बारीक होणे, वजन उगाच उतरणे, यांतले काहीही असेल तर दाखवायचे. लाल ताजे रक्त म्हणजे मूळव्याधच, असे डोळ्याने कोणालाच सांगता येत नाही. आम्हालाही नाही. आणि ज्याला मूळव्याध आहे त्याला वर गाठ नसेलच असेही नाही. दोन्ही एकदम असू शकतात.

दुसरी गोष्ट रक्त कमी होण्याची. पुरुषाचे हिमोग्लोबिन कमी आले, किंवा पाळी गेलेल्या बाईचे कमी आले, की आपल्याकडे गोळ्या देतात आणि ‘पालेभाजी खा’ सांगतात. रक्त गेले कुठे, हे कोणी विचारत नाही. आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीत डोळ्याला रक्त दिसतच नाही, माणूस नुसता पांढरा पडत जातो, जिना चढताना धापतो. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये तर हे आणखी लपते, कारण बाईला ॲनिमिया असतोच असे सगळ्यांनी धरूनच ठेवले आहे. आमच्या मावश्या-वहिनींना आमचे सांगणे आहे: गोळ्या जरूर घ्या, पण कारणही विचारा.

तिसरी, घरातला इतिहास. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर आपली दुर्बिणीची तपासणी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षे आधी, यांत जे आधी येईल तेव्हा व्हायला हवी. आपल्या घरांत ‘पोटाच्या आजाराने गेले’ एवढेच माहीत असते. जुने कागद पेटीत असतील तर काढून ठेवा.

त्रास काहीच नाही, वय ४५-५० च्या पुढे, त्यांनी वर्षातून एकदा फिटची चाचणी करून घ्यावी असे आम्ही सांगतो. खाजगी लॅबमध्ये तिला काही शे रुपये पडतात. पब्लिक संडासात नमुना कसा घ्यायचा हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून लिहितो. घरून जुने वर्तमानपत्र आणि त्यावर घालायला प्लॅस्टिकची कोरडी पिशवी न्या, भांड्यावर नाही तर पुढच्या फरशीवर अंथरा, पाणी लागण्याआधी लॅबने दिलेल्या काडीने दोन-तीन जागचा थोडा नमुना घ्या, डबी बंद करा, उरलेले भांड्यात टाका आणि पिशवी कचऱ्यात. डबी त्याच दिवशी लॅबला पोचवा. पाळीच्या दिवसांत हा नमुना घेऊ नये. आणि एक फार महत्त्वाचे: ज्याला डोळ्याने रक्त दिसते आहे, त्याने ही चाचणी चांगली आली म्हणून घरी बसू नये. त्याला तपासूनच घ्यावे लागेल.

चाचणीत रक्त आले म्हणजे कर्करोग झाला, असेही नाही. बहुतेकांना तो नसतो. पण पुढची पायरी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायलाच हवी. गुदद्वारातून लांब लवचीक दुर्बीण घालून आतडे आतून पाहतात. लोक दुर्बिणीला घाबरतात. खरे सांगायचे तर दुर्बिणीपेक्षा आदली रात्र कठीण. आतडे रिकामे करण्यासाठी पावडर घातलेले दोनेक लिटर पाणी, कधी त्याहून जास्त, प्यावे लागते, आणि मग माणूस दहा-पंधरा वेळा संडासला पळतो. पांढरपेशा घरात हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. पण आमच्या वस्तीत संडास शंभर पावलांवर, रात्री अकराला कुलूप, आणि बाहेर कुत्री. बाईमाणसाने रात्री दोन वाजता पंधरा खेपा कशा करायच्या? आमच्या ओळखीच्या एका मावशींनी याच कारणाने दोनदा तारीख चुकवली आणि रुग्णालयाच्या कागदावर शेरा पडला, ‘रुग्ण आला नाही’. त्या का आल्या नाहीत, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

म्हणून तारीख घेतानाच स्पष्ट सांगा: घरी संडास नाही, तयारीसाठी आदल्या दिवशी दाखल करून घ्या. मागितले तर काही ठिकाणी घेतात. नाही घेतले तर स्वतंत्र संडास असलेल्या नातेवाइकाकडे रात्र काढा. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा. पैशाचे म्हणाल तर कर्करोग निघाल्यावरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. पण तोपर्यंतच्या तपासण्या, म्हणजे आजार आहे की नाही हे कळण्याचा खर्च, बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो. आजार वाढला की योजना, लवकर शोधायचा तर कर्ज. ही उलटी गणिते बदलण्यासाठीही आपल्याला भांडायचे आहे.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. दारू आणि तंबाखू दोन्ही या कर्करोगाला हातभार लावतात. पंचशील घेतलेल्या घरांत यावर आणखी काय बोलायचे? मांसाबद्दल मात्र बोलतो, कारण ‘तुम्ही लोक मटण खाता म्हणून’ हे वाक्य आम्ही ऐकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, खारवून-धुरावून टिकवलेले, कर्करोगकारक ठरवले. ताज्या लाल मांसाबाबत ‘बहुधा’ असा शब्द वापरला. रोज भरपूर खाणाऱ्यांनी कमी करावे, सोबत भाकरी, डाळी, भाज्या वाढवाव्यात. पण रविवारच्या वाटीभर रश्शावर सगळा दोष टाकणाऱ्याला सांगा की वॉर्डात आयुष्यात अंडेही न खाल्लेल्या माणसांना हाच कर्करोग झालेला आम्ही पाहिला आहे.

दादांना आधी रेडिएशन आणि केमो झाली, मग ऑपरेशन. गाठ इतकी खाली होती की गुदद्वार वाचवता आले नाही. आता पोटावर पिशवी आहे, कायमची. दहा बाय बाराच्या खोलीत, मोठ्या मुलीसमोर, ती पिशवी बदलायची. पहिल्या पिशव्या रुग्णालयाने दिल्या, नंतर विकत. वहिनी भांडी घासायची दोन घरे वाढवून त्या आणतात. वास येईल या भीतीने दादांनी विहार सोडला, १४ एप्रिलला मिरवणूक गल्लीवरून गेली तेव्हा दारातून हात हलवला. आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो. पिशवी कशी घट्ट लावायची, कडेची कातडी कशी जपायची, कांदा-लसूण कधी टाळायचा, हे आम्हाला येते. ते शिकवले. त्या दिवशी आम्ही त्यांची माफीही मागितली. ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही निदान विचारलं तरी.” आम्ही विचारले नव्हते. आम्ही सांगितले होते, न विचारता.

या वर्षी दादा आषाढ पौर्णिमेला आले. मागच्या दाराजवळ बसले, पण आले. त्यांच्या धाकट्या भावाचे वय ४१ आहे. आठ महिने मागे लागून त्याला कोलोनोस्कोपीची तारीख घ्यायला लावली आहे, पुढच्या महिन्यातली. दाखल करून घ्यायला जागा नाही म्हणाले. विहाराच्या मागच्या खोलीला लागून संडास आहे. आदली रात्र तो तिथे काढेल, सोबतीला दादा थांबणार आहेत.